बिया मोजणारा डार्विन

डार्विन म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती लांब पांढरी दाढी, आणि वाकलेल्या माकडापासून ताठ माणसापर्यंत चालत गेलेली ती रांग. (ती रांग काही डार्विनने काढलेली नाही, पण त्याच्या नावावर खपते!) शाळेत एक धडा, परीक्षेत तीन मार्कांची टीप, आणि डार्विन संपला. मीही बारावीपर्यंत तेवढाच डार्विन ओळखत होतो. पुढे कॉलेजच्या लायब्ररीत, कुणी हात न लावलेल्या एका कपाटात, त्याचं चरित्र हाती लागलं आणि मग दुसराच माणूस भेटला. हा माणूस घरात बसून बिया मोजतो. ताटलीत चिखल घेऊन त्यातून काय उगवतं ते बघतो. एका इवल्याशा झाडाला मटणाचे बारीक तुकडे भरवतो आणि ते झाड ते खातं का, हे घड्याळ लावून बघत बसतो. मित्रांनो, आज त्या डार्विनबद्दल लिहायचं आहे.

जन्म १२ फेब्रुवारी १८०९, इंग्लंडमधलं श्रूसबरी गाव. वडील नावाजलेले डॉक्टर, घरात पैसा भरपूर. आई मात्र तो आठ वर्षांचा असतानाच गेली. मोठा भाऊ इरॅस्मस आणि हा, दोघांनी मिळून घराच्या बागेतल्या एका खोलीत रसायनांची प्रयोगशाळा थाटली होती. तिथले वास अंगाला घेऊनच तो शाळेत जात असावा, कारण पोरांनी त्याचं नावच ‘गॅस’ पाडलं. हेडमास्तरांना ही थेरं पसंत नव्हती. लॅटिन-ग्रीक सोडून पोरगं नको ते करतंय, असा त्यांचा सूर.

पुढची गोष्ट आपल्यातल्या निम्म्या लोकांना ओळखीची वाटेल. वडिलांनी ठरवलं, मुलगा डॉक्टर होणार. १८२५ मध्ये त्याला एडिंबरोला पाठवलं. त्या काळी भूल द्यायची सोय नव्हती. पेशंट शुद्धीवर असतानाच कापाकापी. एका लहान मुलाचं ऑपरेशन चालू असताना हा जो थिएटरमधून बाहेर पडला, तो परत गेलाच नाही. दोन वर्षांत डॉक्टरकी बंद. मग वडिलांनी दुसरी ब्रँच दिली: केंब्रिजला जाऊन पदवी घे आणि पाद्री हो. १८२८ मध्ये तो तिथल्या ख्राइस्ट्स कॉलेजात दाखल झाला. तिथे त्याने अभ्यास बेताचा केला आणि भुंगेरे मात्र मन लावून गोळा केले. हेन्स्लो नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते, त्यांच्यामागे तो इतका फिरायचा की लोक त्याला हेन्स्लोंबरोबर फिरणारा म्हणूनच ओळखायचे. ह्याच हेन्स्लोंनी त्याचं नाव ‘बीगल’ जहाजासाठी सुचवलं. वडील आधी नाहीच म्हणाले. मामाने मध्ये पडून समजूत घातली तेव्हा कुठे होकार मिळाला. २७ डिसेंबर १८३१ ला जहाज निघालं आणि २ ऑक्टोबर १८३६ ला परत आलं. त्या पाच वर्षांवर भरपूर लिहिलं गेलंय, म्हणून मी इथे थांबत नाही.

मला ओढ आहे ती नंतरच्या डार्विनची. १८३९ मध्ये त्याने मामेबहीण एमाशी लग्न केलं आणि १८४२ मध्ये लंडनची गर्दी सोडून केंट परगण्यातल्या डाउन गावात घर घेतलं. तेव्हा तो तेहतिशीत होता. पुढची चाळीस वर्षं, मरेपर्यंत, त्याचा मुक्काम तिथेच. नोकरी नाही, पगार नाही, विद्यापीठाची लॅब नाही. वडिलांच्या पैशावर घर चालत होतं हे खरंच, आणि ते लपवायचं कारण नाही. किनवटच्या शेतकऱ्याच्या पोराला अशी चाळीस वर्षं कोण देणार? पण पैसा असलेले त्याच्यासारखे शेकडो लोक त्या इंग्लंडात कोल्ह्यांची शिकार करत होते, हेही खरं. शिवाय तब्येतीचा नन्नाचा पाढा. उलट्या, पोटदुखी, चक्कर, दिवसच्या दिवस आडवं पडून राहणं. दिवसातले दोन-तीन तास काम झालं तर तो दिवस चांगला. दहा मुलं झाली, त्यातली तीन लहानपणीच गेली. लाडकी मुलगी ॲनी १८५१ मध्ये दहा वर्षांची होऊन गेली. त्या घावातून तो कधी पूर्ण सावरला नाही, असं चरित्रकार सांगतात.

आता बियांकडे येऊ. १८५५ साल. डार्विनला प्रश्न पडला होता की समुद्रात मधोमध असलेल्या बेटांवर झाडं गेली कशी? काही विद्वान म्हणत, पूर्वी तिथपर्यंत जमीन होती, ती बुडाली. डार्विनला हे पटेना. प्रत्येक बेटासाठी एक-एक खंड बुडवायचा म्हणजे फारच झालं! बी समुद्रातून वाहत गेलं असेल तर? पण खाऱ्या पाण्यात बी जिवंत राहतं का, हे तोवर कुणी नीट तपासलंच नव्हतं.

आमच्याकडे किनवट भागात मे महिना संपत आला की घरोघरी एक काम असतं. घरचं सोयाबीन पेरायचं असलं तर आधी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर ओळीने मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं आणि आठवडाभराने उघडून कोंब मोजायचे. सत्तरच्या वर आले तर बियाणं पेरायला चालतं. त्याला उगवणशक्ती बघणं म्हणतात. माझे वडील हे दरवर्षी करतात. डार्विनने नेमकं हेच केलं, फक्त आधी बिया मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवल्या. मुळा, कोबी, सॅलड, कांदा, गाजर, जे मिळेल ते. छोट्या बाटल्या भरून ओळीने मांडल्या. ठरलेल्या दिवशी थोड्या बिया काढायच्या, धुवायच्या, पेरायच्या आणि मोजायच्या. पाणी सडून घरात दुर्गंधी सुटली. त्याचा मित्र हूकर, म्हणजे पुढे क्यू बागेचा प्रमुख झालेला मोठा वनस्पतिशास्त्रज्ञ, म्हणत होता की आठवड्याभरात बिया मरतील. घरातली पोरं रोज विचारत, बाबा हूकरकाकांना हरवणार ना?

बाबांनी हरवलं. ८७ जातींपैकी ६४ जातींच्या बिया २८ दिवस खाऱ्या पाण्यात राहूनही उगवल्या. काही तर १३७ दिवसांनंतरही! पण मग दुसरीच भानगड लक्षात आली: बी जिवंत राहिलं तरी पाण्यात बुडतं. बुडालेलं बी बेटावर पोचणार कसं? झालं, पुन्हा नवा प्रयोग. आता बियांसकट अख्ख्या फांद्या वाळवून पाण्यावर सोडल्या. ९४ झाडांपैकी १८ झाडांच्या वाळलेल्या फांद्या २८ दिवसांहून जास्त तरंगल्या. अटलांटिक महासागरातल्या प्रवाहांचा सरासरी वेग नकाशाच्या पुस्तकातून काढला, दिवसाला ३३ मैल. गुणाकार केला तर २८ दिवसांत ९२४ मैल. म्हणजे शंभरातली चौदा झाडं तरी एवढं अंतर तरंगत जाऊन पलीकडे रुजू शकतील, असा हिशोब मांडला. आपल्या भाषेत सांगायचं तर साध्या बाटल्या, एक वही आणि बॅक-ऑफ-द-एन्व्हलप कॅलक्युलेशन.

त्याचं एवढ्यावर भागलं नाही. फेब्रुवारीत एका तळ्याच्या काठाजवळून, पाण्याखालून, तीन ठिकाणचा तीन चमचे चिखल त्याने आणला. वाळल्यावर त्याचं वजन भरलं पावणेसात औंस, म्हणजे साधारण १९० ग्रॅम. एका नाश्त्याच्या कपात मावेल एवढा. तो झाकून आपल्या अभ्यासिकेत ठेवला आणि सहा महिने उगवलेलं प्रत्येक रोप उपटून मोजत राहिला. एकूण ५३७ रोपं! असा चिखल पायाला लावून पक्षी उडाला तर काय काय घेऊन जाईल, याचा विचार करा. पुढे एका जखमी तितर पक्ष्याच्या पायाला चिकटलेला मातीचा कडक गोळा त्याला कुणी पाठवला. तीन वर्षं जुनी माती. फोडून, पाणी देऊन, काचेखाली ठेवली तर त्यातूनही ८२ रोपं आली. पैनगंगेला पूर येऊन गेल्यावर काठावरच्या गाळात नाही नाही ती झाडं उगवतात. आता तो गाळ दिसला की मला तो कप आठवतो.

१८५८ ते १८६० ही तीन वर्षं त्याच्या आयुष्यातली सगळ्यात गाजलेली, आणि घरात सगळ्यात वाईट. जून १८५८ मध्ये वॉलेसचं पत्र आलं, त्यात डार्विनचीच कल्पना दुसऱ्याच्या अक्षरात. १ जुलैला लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचे लेख एकत्र वाचले गेले, त्या दिवशी डार्विन तिथे नव्हता. स्कार्लेट फीव्हरने गेलेल्या दीड वर्षाच्या मुलाला तो पुरत होता. २४ नोव्हेंबर १८५९ ला ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ आलं, पहिली आवृत्ती १२५० प्रतींची. ३० जून १८६० ला ऑक्सफर्डमध्ये बिशप आणि हक्स्ले यांची ती प्रसिद्ध खडाजंगी झाली. (माकड आलं ते इथे.) डार्विन तिथेही नव्हता. पाण्याचे उपचार घ्यायला दुसरीकडे गेला होता.

आणि लगेच पुढच्या महिन्यात, अख्खं इंग्लंड माकडावरून भांडत असताना, हा माणूस ससेक्समधल्या हार्टफिल्ड गावी मेहुणीकडे मुक्कामाला होता. मोठी मुलगी हेन्रिएटा आजारी. मन रमवायला तो जवळच्या माळावर फिरायचा. तिथे ओल्या दलदलीत त्याला एक बुटकं झाड दिसलं. गोल पानं, पानांवर लालसर केसर, प्रत्येक केसराच्या टोकाला दवासारखा चिकट थेंब. ड्रॉसेरा. ते काही नवीन झाड नव्हतं, पण त्याच्या पानांवर किडे फार चिकटलेले दिसले. दुसरा कुणी नुसता बघून पुढे गेला असता. डार्विनने सहज बारा झाडं उचलली आणि मोजलं: पूर्ण उमललेली पानं ५६, त्यातल्या ३१ वर मेलेले किडे किंवा त्यांचे अवशेष. निम्म्याहून जास्त! हा योगायोग नसणार. तिथून जे वेड लागलं ते पंधरा वर्षं टिकलं. जगातल्या सगळ्या जाती कशा निर्माण झाल्या यापेक्षा आपल्याला या ड्रॉसेराची जास्त काळजी लागलीय, असं त्याने एका मित्राला कळवलं होतं. एमाचं मत पडलं की आता नवरा बहुधा हे झाड म्हणजे प्राणीच आहे असं सिद्ध करणार!

प्रयोग ऐकण्यासारखे आहेत. पानावर काचेचा कण ठेवला, केसर किंचित वाकले, पण पान लवकर उलगडलं. मांसाचा तुकडा ठेवला, केसर वाकून मिठीत घेतल्यासारखे बंद झाले आणि दिवसेंदिवस तसेच राहिले. दूध, अंड्याचा पांढरा बलक, मांसाचं पाणी यांचे थेंब टाकले की पान वाकतं. साखरेचं पाणी, डिंकाचं पाणी, तेल, चहा यांना ढिम्म. फरक कशाचा? नायट्रोजनचा. दलदलीच्या जमिनीत नायट्रोजन जवळजवळ नसतो. झाड तो माश्यांतून मिळवतं, असा तर्क बसला. किती कमी वजन त्याला कळतं ते बघायला माणसाच्या केसाचा बारीक तुकडा केसरावर ठेवला. वजन ०.०००८२२ मिलिग्रॅम. केसर वाकलं! आपल्या बोटाला हे वजन कळणं शक्य नाही. पण पावसाचा थेंब पडला तर हेच झाड दाद देत नाही. म्हणजे सिग्नल कोणता आणि नॉइज कोणता, हे त्याला बरोबर समजतं. एकदा तर त्याने नागाचं वाळवलेलं विषसुद्धा त्याला पाजलं. कलकत्त्याला सापांच्या विषावर काम केलेले डॉ. फेयरर यांनी ते दिलं होतं. झाड मेलं नाही. उलट चेव आल्यासारखं वाकलं.

हे झाड आपल्याकडेही आहे, हे मला हॉस्टेलवर आल्यावर कळलं. माझा रूममेट सिंधुदुर्गचा. त्यांच्याकडे जांभ्याच्या उघड्या पठाराला सडा म्हणतात. पावसाळ्याच्या शेवटी त्या सड्यावर बारीक पानांचं, दवाने चमकणारं झाड येतं. मराठीत त्याला दवबिंदू म्हणतात, शास्त्रीय नाव ड्रॉसेरा इंडिका. साताऱ्याजवळच्या कास पठारावरही ड्रॉसेरा आहे, आणि त्याच्या बाजूला निळसर जांभळी ‘सीतेची आसवं’ फुलतात. तीही कीटकभक्षीच, पण तिचे सापळे मातीत लपलेले. (कासला जाऊन झाडं किंवा बिया उचलू नका. ते जागतिक वारशात आहे आणि तिथे मनाई आहे.) रूममेटच्या घरचा स्वतःचा सडा आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याने वाळलेल्या चार काड्या कागदाच्या पुडीत आणल्या. पुडी उलटी केली तर काळी धूळ पडली. तेच बी!

ते मी किनवटला घरी रुजत घातलं, त्याची पद्धत सांगतो, कारण आपल्या कॉलेजात बऱ्याच जणांनी विचारली. ही झाडं पावसात उगवतात, हिवाळ्यात बी धरतात आणि मरतात. बी अख्खा उन्हाळा कोरड्या तापलेल्या दगडावर काढतं. म्हणून पुडी तशीच फडताळात ठेवली आणि मृग लागल्यावरच उघडली. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याला खाली भोकं पाडली. पैनगंगेची वाळू सात-आठ पाण्यांनी धुतली, कोकोपीटही तसंच धुतलं, कारण त्यात मीठ असतं. दोन्ही मिसळून डबा भरला. शेणखत, युरिया, काहीही घालायचं नाही. आईला हे अजिबात पटलं नाही. उपाशी मातीत काय उगवणार, असं तिचं म्हणणं. पण या झाडांचं सगळं आयुष्यच उपाशी जमिनीवर बेतलेलं असतं, खत दिलं तर मुळं जळतात. बी वरून नुसतं भुरभुरायचं, मातीने झाकायचं नाही, त्याला उजेड लागतो. डबा पाण्याच्या ताटलीत ठेवायचा, म्हणजे पाणी खालून चढतं; वरून ओतलं की धुळीसारखं बी वाहून जातं. वर पारदर्शक पिशवी सैल बांधायची, आणि डबा सकाळचं ऊन मिळेल असा ठेवायचा.

खरा प्रश्न पाण्याचा. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की घागरीला पांढरा थर बसतो. मराठवाड्यात त्यातल्या त्यात आमच्या भागात पाऊस बरा, म्हणून पत्र्याच्या पन्हाळीखाली बादली लावली. मग म्हटलं, डार्विनचं वाचलंय तर डार्विनसारखं करावं. दोन डबे केले. एकाला पावसाचं पाणी, दुसऱ्याला बोअरचं. बाकी सगळं सारखं. तीन आठवडे दोन्हींत काही दिसेना. घरचे हसायला लागले. मग एका सकाळी भिंग लावून बघितलं तर पावसाच्या पाण्याच्या डब्यात टाचणीच्या डोक्याएवढे हिरवे ठिपके, आणि त्यातल्या एकाच्या पानावर, खरं सांगतो, एक लाल केसर आणि त्यावर थेंब. झाड जेमतेम दोन मिलिमीटरचं, पण दुकान उघडून बसलेलं! बोअरच्या डब्यातही चार-दोन उगवली, पण वर शेवाळाची साय आली आणि ती तिथेच थांबली.

परदेशी जातींचं गणित वेगळं. सारासेनियाचं बी किंवा डार्विनच्या त्या गोल पानांच्या ड्रॉसेराचं बी आपण तसंच पेरलं तर सहसा उगवत नाही. त्याला आधी ओल्या कागदात गुंडाळून महिना-दीड महिना फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. थंडी संपली हे कळल्याशिवाय ते कोंब काढत नाही, नाहीतर बर्फात मरेल. आपलं कोकणातलं बी पावसाची वाट बघतं, त्यांचं बी थंडी सरायची. ‘ओरिजिन’मधलं नॅचरल सिलेक्शन याहून सोप्या शब्दांत मला तरी कुणी समजावलेलं नाही.

आता डबा हॉस्टेलच्या खिडकीत आहे. रेक्टर सरांनी परवानगी दिली, अट एकच: ताटलीतल्या पाण्यात डासांची अंडी नकोत. म्हणून दर तीन दिवसांनी पाणी बदलतो. हॉस्टेलचे डास हे झाड संपवेल का, असं प्रत्येक जण विचारतो. नाही संपवणार. त्यासाठी मच्छरदाणीच लावा.

ड्रॉसेरा सावकाश वाकतं. डार्विनला त्याहून चपळ झाड हवं होतं, ते अमेरिकेतून आलेलं व्हीनस फ्लायट्रॅप. या झाडाची माहिती युरोपात अठराव्या शतकापासून होती, पण ते किडे खातं ही गोष्ट लिनियससारख्या माणसालाही मान्य झाली नव्हती. झाडाने प्राणी खायचा म्हणजे सृष्टीचा क्रमच उलटा! हे पान प्राण्याच्या स्नायूसारखं मिटतं, तर त्यात स्नायूसारखी वीजही वाहत असेल, असं डार्विनला वाटलं. त्याने लंडनमधल्या बर्डन सँडरसन या शरीरशास्त्रज्ञाला गळ घातली. १८७३ मध्ये सँडरसनने पानाला इलेक्ट्रोड लावले, केसाला धक्का दिला आणि गॅल्व्हानोमीटरचा काटा हलला. प्राण्याबाहेर, झाडात, असा विद्युत सिग्नल मोजला गेला तो पहिल्यांदा. आपल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी पुढचं ऐकावं: आतल्या केसाला एकदा स्पर्श झाला तर सापळा मिटत नाही. साधारण वीस सेकंदांच्या आत दुसरा स्पर्श झाला तरच मिटतो. म्हणजे टायमर आणि काउंटर दोन्ही आले, तेही एकही चिप नसताना. आणि मेकॅनिकलवाल्यांसाठी: पान सेकंदाच्या दहाव्या भागात मिटतं, ते बाहेर फुगलेला पृष्ठभाग एकदम आत उलटल्यामुळे, हे २००५ मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे आपलं बकलिंगच.

सीतेच्या आसवांच्या भाऊबंदांत, म्हणजे युट्रिक्युलॅरियात, मात्र डार्विनचा अंदाज चुकला. त्याला वाटलं, पाण्यातले जीव स्वतःच डोकं खुपसून पिशवीत शिरतात. प्रत्यक्षात पिशवी आतलं पाणी उपसून निर्वात करून ठेवते आणि झडप उघडली की मिलिसेकंदाच्या आत शिकार ओढून घेते. हे त्याच्या भिंगाला दिसणं शक्यच नव्हतं.

‘इन्सेक्टिव्होरस प्लँट्स’ हे पुस्तक जुलै १८७५ मध्ये आलं. चित्रं जॉर्ज आणि फ्रान्सिस या मुलांनी काढलेली. पुस्तक खपलं, पण टीकाकारांनी नेमकं दुखतं तिथे बोट ठेवलं. झाड किडा पकडतं, मान्य. विरघळवतं, तेही मान्य. पण त्याचा झाडाला फायदा काय? किडे न देताही ही झाडं छान जगतात, मग हा सगळा खटाटोप कशासाठी? आणि फायदाच नसेल तर नॅचरल सिलेक्शनने असले सापळे घडवले असं म्हणायला आधारच उरत नाही. पंधरा वर्षांच्या कामाचा पाया हलणारा प्रश्न होता हा. थकलेल्या डार्विनकडे उत्तर नव्हतं. उत्तर मुलाने दिलं.

फ्रान्सिस डॉक्टरी शिकून वडिलांचा मदतनीस झाला होता. सप्टेंबर १८७६ मध्ये त्याची बायको एमी बाळंतपणात गेली. मूल चार दिवसांचं. तो बाळाला घेऊन डाउनला आईवडिलांकडे राहायला आला. पुढच्याच जूनमध्ये, १८७७ साली, त्याने ड्रॉसेराची सुमारे २०० झाडं आणली आणि घरातल्या सहा सूप-प्लेटमध्ये शेवाळ भरून लावली. प्रत्येक प्लेटच्या मधोमध लाकडाची पातळ पट्टी. एका बाजूच्या झाडांना भाजलेल्या मांसाचे अगदी बारीक कण द्यायचे, दुसऱ्या बाजूला काही नाही. वरून जाळी, म्हणजे बाहेरचे किडे येऊन घोटाळा नको. माती तीच, पाणी तेच, ऊन तेच. सप्टेंबरपर्यंत हे चाललं. घरात एक वर्षाचं बाळ, जाळीच्या मागे सूप-प्लेट, आणि शेजारच्या खोलीत म्हातारा डार्विन निकालाची वाट बघतोय, असं चित्र माझ्या डोळ्यांसमोर येतं.

आणि निकाल कुठे दिसला? बियांत. पानांच्या रंगरूपात फरक होता, पण वरवर बघणाऱ्याला तो पटला नसता. बोंडं फोडून बिया मोजल्या तेव्हा उत्तर मिळालं. उपाशी झाडांच्या बिया १०० धरल्या तर खाल्लेल्या झाडांच्या २४१.५. बियांच्या एकूण वजनाचं प्रमाण १०० ला ३७९.७. म्हणजे बिया नुसत्या जास्त नव्हत्या, एकेक बी भरलेलंही होतं. झाड खातं ते स्वतः जाड होण्यासाठी कमी आणि पुढच्या पिढीसाठी जास्त. जानेवारी १८७८ मध्ये हे लिनियन सोसायटीत वाचलं गेलं आणि तो प्रश्न मिटला. टीकाकार चुकले ते एवढ्याचसाठी की त्यांनी हिरवी झाडं बघितली, बिया मोजल्या नाहीत.

मीही डब्यात तुटलेल्या सेट-स्क्वेअरची पट्टी खोचली आहे. मेस शुद्ध शाकाहारी, त्यामुळे भाजलेलं मांस मिळायचं नाही. एका बाजूला केळ्यावरची चिलटं देतो.

डार्विन १९ एप्रिल १८८२ ला डाउनमध्ये गेला. गावातल्याच स्मशानात पुरावं अशी घरच्यांची इच्छा होती, पण त्याला वेस्टमिन्स्टर ॲबेत, न्यूटनच्या जवळ जागा मिळाली. शेवटचं पुस्तक गांडुळांवरचं, आदल्याच वर्षी आलेलं. त्याचा धाकटा मुलगा होरेस आपल्या जातीचा, म्हणजे इंजिनिअर. १८८१ मध्ये त्याने केंब्रिजला शास्त्रीय उपकरणं बनवणारी कंपनी काढली. फ्रान्सिसने १८८८ मध्ये वडिलांच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढली आणि सूप-प्लेटमधल्या बियांचे आकडे त्यात घातले. तो पुढे केंब्रिजला वनस्पतिशास्त्र शिकवू लागला. डार्विन गेला त्याच वर्षी त्याच्याच ख्राइस्ट्स कॉलेजात बंगालमधून एक विद्यार्थी दाखल झाला होता, आणि फ्रान्सिस त्याच्या शिक्षकांपैकी एक होता. त्या विद्यार्थ्याचं नाव जगदीशचंद्र बोस. झाडाची वाढ दहा हजार पट मोठी करून दाखवणारं क्रेस्कोग्राफ हे यंत्र त्यांनी पुढे कलकत्त्यात बनवलं.